लग्नाचं अक्षर

कर्जत स्टेशनाबाहेरच्या आमच्या छपाईच्या दुकानाचा मालक कागदोपत्री मी आहे. हुकूम चालतो तो भाग्यश्रीचा. खालापूरकडून रोज येते, चौदा वर्षं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवते, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर 'नाय' म्हणण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

तिच्याकडे 'रेशीम' नावाचा अक्षरांचा एक टाइप आहे. बोरूने लिहिल्यासारखा, काना लचकत उतरतो, वेलांटी पार शेजारच्या अक्षरावर सावली धरते. तो फक्त लग्नाला, असा तिचा कायदा. एका फार्महाउसवाल्याने 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी त्यात मागितली, तर म्हणाली, "या अक्षरातलं कुत्रं चावंल असं कुनाला वाटनारच नाय." पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सलाही तिने तो दिला नाही.

या कायद्याला कारण मीच. ती रजेवर असताना एका आजोबांच्या दहाव्याचं कार्ड मी हौसेने रेशीममध्ये काढलं. आमच्याकडची बरीच म्हातारी माणसं मजकूर वाचत बसत नाहीत, अक्षराचा थाट बघूनच काय ते ओळखतात. दहाव्याला तीन घरची मंडळी फेटे बांधून, आहेर घेऊन हजर झाली. बोलणी मात्र भाग्यश्रीने खाल्ली.

परवा कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतून लडकू आला. सत्तरीचा गडी, त्याची बायको, नाव मंगळी, महिन्यापूर्वी वारली. काचेखालच्या नमुन्यांतल्या रेशीमच्या पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाला, "मंगळीचं नाव या अक्षरात पायजे."

भाग्यश्रीने मान हलवली. "बाबा, ते लगनाचं अक्षर हाय. लोकं फसतील."

"लोकांना वाटाया नको. एकच पायजे, घरात कुडावर लावाया."

मग त्याने सांगितलं. मंगळी दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका मागून आणायची आणि कुडाच्या भिंतीवर चिकटवायची. वाचता येत नव्हतं, पण निवडायची ती हेच अक्षर. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला पत्रिका नव्हती. आपलं लगीन कुनी लिवलंच नाय, असं ती हसून म्हणायची.

"आनि शेजारी माझंबी नाव घाला," लडकू म्हणाला.

गेलेल्या माणसाच्या शेजारी जित्याचं नाव आमच्याकडे कुणी छापत नाही, अशुभ मानतात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाग्यश्रीने हाताने मला गप्प केलं. लग्नाचा जाड सोनेरी काठाचा कागद तिने काढला आणि पडद्यावर रेशीम लावला. तिच्या कायद्याची मी इतकी वर्षं टिंगल केली होती. आता मी गुमान लडकूसाठी खुर्ची पुढे केली.

पत्रिकेत मुलीकडचे मुलीचं नाव आधी घालतात, मुलाकडचे मुलाचं. म्हणून तिने विचारलं, "बाबा, आदी कुनाचं घालू?"

"तिचं," लडकू म्हणाला. "ती आदी गेली ना."