उसन्या आवाजाची नायिका

लाकडी ठोकळ्यावर पडणारा काठीचा तो कोरडा, नेमका ठेका आणि त्यामागून चर्चच्या गार हॉलमध्ये उमटणारा अनवाणी पावलांचा नाद! ऐंशीच्या दशकातले लीड्समधले माझे शनिवार मला आठवतात ते असे, कानांनी. बाहेर करडं, चिकट धुकं आणि आत अंबुजाबाईंच्या बोटांतून उमलणारं कमळ. याहून अधिक ऐश्वर्य ते कोणतं?

अंबुजाबाई म्हणजे एकेकाळच्या मद्रासच्या चित्रपटांतल्या नायिका. देवी झाल्या, राण्या झाल्या, भिंतीभिंतींवर झळकल्या. मग डॉक्टर नवऱ्यामागून इकडे आल्या आणि माझ्या गौरीसारख्या पोरींना भरतनाट्यम शिकवू लागल्या. जन्म मात्र तंजावरच्या मराठी घरातला. त्यांच्या तमिळला मराठी हेल, म्हणून स्टुडिओत हशा पिकायचा आणि पडद्यावर दर वेळी आवाज यायचा तो दुसऱ्याच बाईचा. नृत्य तेवढं निखळ त्यांचं. डोळ्यांना आणि हातांना कसला आलाय हेल?

गौरीचं दुखणंही तेच होतं. गणपतीच्या जेवणात ती ‘माझी डोकं दुखते’ म्हणाली आणि सगळी पंगत खो खो हसली. त्या दिवसापासून पोरीने मराठीला जे कुलूप घातलं, ते घातलंच. मी मराठीत विचारावं, तिने इंग्रजीत उत्तर द्यावं. एका घरात राहून लेक परकी होत चालली होती आणि माझा जीव तीळतीळ तुटत होता.

एकदा बाई क्लासमध्ये त्यांच्या तंजावरी मराठीत काही बोलल्या. ती मराठी म्हणजे जुन्या बखरीला तमिळची फोडणी! गौरीला हसू फुटलं. मी शरमेने अर्धमेली झाले. बाई मात्र तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘हास, बाळ. सिनेमात ओठ माझे हलत, बोले दुसरीच. ही मराठी मोडकी असो, माझ्या आईची आहे. ही मी कुणास देणार नाही.’’

क्लास सुटल्यावर आम्ही बसने घरी निघालो. आमचा स्टॉप आला तेव्हा गौरी माझी बाही धरून हळूच म्हणाली, ‘‘आई, माझी पाय दुखते, बट मजा आला.’’

केवढं अशुद्ध आणि केवढं अमृताचं वाक्य! दुरुस्ती जिभेच्या टोकावर आली होती, ती तशीच गिळली. अंबुजाबाई, तुमचे हे उपकार मी कोणत्या जन्मी फेडू?

‘‘मलाही मजा आला गं,’’ मी म्हणाले.