कूलरवाल्याची टर्बो गाडी

मी बत्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. उष्णता कुठून कुठे जाते याची आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढली की झोपेतही काढीन. पण गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी समजलं, तेही शेजारच्या बद्रीनानांनी दाखवलं म्हणून. त्या बॉनेटपुढे जो घोटाळा झाला त्यात माझाही हात होता, तेव्हा ही हकीकत मीच सांगणं न्यायाचं.

बद्रीनाथ सांडू औताडे. मूळचे पडेगावचे. पुंडलिकनगरात त्यांची आणि माझी भिंत एक. गारखेड्यात त्यांचं कूलर बनवायचं दुकान अडतीस वर्षं चाललं. पत्रा कापायचा, पंखा बसवायचा, तीन बाजूंना वाळ्याच्या, म्हणजे खसाच्या, ताट्या ठोकायच्या, वरून पाण्याची बारीक धार सोडायची. एप्रिल-मेमध्ये आमच्या शहरात जावयाला एक वेळ चहा मिळणार नाही, पण कूलरवाल्याला दारात खुर्ची मिळते. नानांना अशा खुर्च्या जन्मभर मिळाल्या आणि त्यामुळे थंडीविषयी आपल्याला सगळं समजतं अशी त्यांची पक्की समजूत झाली.

दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि नानांनी लाल रंगाची, जुनी पण टर्बो इंजिनाची गाडी घेतली. वाळूजच्या एका कंपनीतले साहेब बदली होऊन चालले होते, त्यांची. ॲक्सिलरेटरला पाय लागला की पाठ सीटला चिकटते अशी ती गाडी. मी म्हटलं, "नाना, या वयात शर्यत लावायची आहे का?"

"बाई, अडतीस वर्षं कूलर लादलेला टेम्पो चालवला म्या. तीसच्या वर काटा नाय गेला. साऱ्या दुनियेनं मागून हॉर्न मारला. आता एक तरी अशी गाडी पायजे, जिला कुणी हॉर्न मारणार नाय."

गंमत म्हणजे ही गाडीही ते पन्नासनेच चालवत. लोक हॉर्न मारतच. आणि एसी लावला की मागची काच दोन बोटं खाली. का, तर कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर दमट होतं. एसीचं शास्त्र उलटं आहे, काच बंद पाहिजे, हे मी तीनदा समजावलं. ते तीनदा "व्हय व्हय" म्हणाले आणि काच तिथेच राहिली.

आता घोटाळ्याचं. दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये चतुराबाईंच्या भाच्याचं लग्न होतं. चतुराबाई म्हणजे नानांच्या पत्नी. बोलणं मोजकं, पण एकदा बोलल्या की घरातली भांडीसुद्धा गप्प बसतात. त्यांचं माहेर खुलताबादच्या पुढे. त्यांचे बंधू काकासाहेब यांना मुलगी नाही, त्यामुळे नवऱ्या मुलाची बहीण म्हणा, आत्या म्हणा, मिरवायला त्या एकट्या. गाडीचा एसी मात्र तेव्हा कोमट वारा सोडत होता. गॅरेजवाल्याने गॅस भरून दिला, तो महिन्याभरात निम्मा उडाला.

लग्नाच्या दोन दिवस आधी नानांनी मला कुंपणावरून विचारलं, "बाई, ओल्या खसातून हवा गेली की थंड होती ना?"

निवृत्तीनंतरही विद्यापीठाचे पेपर येतात, ते मी तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "अगदी बरोबर. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं." वर पाच मिनिटांचं व्याख्यानही दिलं. खस कुठे लावणार, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. शिकलेल्या माणसाचं असंच असतं, प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार.

नंतर कळलं ते असं. नानांनी पुढची जाळी काढून एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरसमोर दोन बोटं जाडीची खसाची ताटी बसवली होती. काच धुवायच्या पाण्याची नळी वळवून तिच्यावर सोडली होती. पुंडलिकनगरात उभ्या गाडीत हवा खरंच गार आली. नाना खूश. पण दौलताबादचा किल्ला मागे पडला, घाट लागला, ताटी भिजून, धूळ खाऊन गच्च झाली आणि तिच्यामागच्या, इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरला वाराच मिळेना. तिसऱ्या वळणावर गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, वर बेचाळीस डिग्रीचं ऊन आणि भरजरी शालू नेसलेल्या चतुराबाई रस्त्याकडेच्या लिंबाखाली. लग्न बारा पस्तीसचं. हे पोचले तेव्हा दुसरी पंगत उठत होती.

भाच्याच्या डोक्यावर आत्याची अक्षता पडली नाही. चतुराबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "ह्या गाडीत मी पुन्यांदा बसणार नाय." आणि खरोखर बसल्या नाहीत. बाजाराला रिक्षा, माहेरी यष्टी. लाल गाडीच्या डाव्या सीटवर नानांचा डबा बसायचा.

नानांनी सगळ्या गल्लीला सांगितलं की गॅस भरताना गॅरेजवाल्याने रेडिएटर बिघडवला म्हणून गाडी उकळली. मीसुद्धा त्या बिचाऱ्याला दोन शब्द सुनावले. खरं कळलं ते थंडीत. एका रविवारी नानांनी गाडीचा बंपर काढून अंगणात ठेवला. "आता कुणाच्या हातात देणार नाय. सारं मीच करतो." मी चष्मा लावून वाकले. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत तपकिरी काड्या अडकल्या होत्या. मी एक काडी ओढून नाकाशी नेली. खस!

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे पाहिलं. "बाई, तुमच्या पाया पडतो. हिला सांगू नका. म्या ती ताटी तिथंच दरीत फेकली. हिला तोंड धुवायला पाठवलं आन् फेकली."

"आणि गॅरेजवाला?"

"त्याला पन तोंड दाखवत नाय मी."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझं व्याख्यान मला आठवलं. मी गप्प बसले आणि त्या दिवसापासून दर रविवारी स्टूल घेऊन त्यांच्या अंगणात बसू लागले. प्रायश्चित्त म्हणा.

त्या हिवाळ्यात मी जे पाहिलं ते पुस्तकात कधी वाचलं नव्हतं. कंडेन्सरच्या पापुद्र्यासारख्या पट्ट्या चिखलाने लिंपल्या होत्या, काही वाकल्या होत्या. नानांनी मऊ ब्रश आणि पाण्याची हलकी धार घेतली. जोराची धार मारली तर पट्ट्या आडव्या होतात म्हणाले. वाकलेल्या पट्ट्या उवांच्या फणीने एकेक सरळ केल्या. फणी चतुराबाईंची होती. त्या दारातून म्हणाल्या, "मानसाला आठव्या दिवशी नळाचं पानी, आन् गाडीची रोज न्हाणी! आता येणी बी घाला तिची." एवढं बोलून आत गेल्या, पण फणी परत मागितली नाही.

हवा गाळायची जाळी डाव्या सीटपुढच्या खणामागे असते. ती काढली तर तिच्यात लिंबाचा पाला, एक पाखराचं पीस आणि साहेबांच्या मुलाचा चॉकलेटचा कागद. ती नवीन बसवली आणि निम्मा वारा तिथेच परत आला. रेडिएटरमध्ये आधीच्या कुणीतरी बोअरचं पाणी भरलं होतं. आमचं बोअरचं पाणी कसं ते आमच्या बादल्या सांगतात. गार इंजिनावरच झाकण उघडून नानांनी ते काढलं तेव्हा चहाच्या रंगाचं निघालं. बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने चारदा धुतलं, मग कूलंट मिसळून भरलं.

राहिली गॅसची गळती. इथे नानांचं अडतीस वर्षांचं काम उपयोगी पडलं. भांड्यांच्या साबणाचा फेस करून त्यांनी पाइपच्या प्रत्येक जोडावर लावला आणि डोळे बारीक करून बसले. मी कंटाळून उठणार, तेवढ्यात कंप्रेसरजवळच्या जोडावर मोहरीएवढा बुडबुडा आला. मग दुसरा. नाना लहान मुलासारखे ओरडले, "सापडला चोट्टा!"

झिजलेली रबरी रिंग बदलली. पण गॅसला त्यांनी हात लावला नाही. "ते आपलं काम नाय," म्हणाले. फ्रिज दुरुस्त करणारा त्यांचा मित्र कडूबा आपला पंप आणि मीटर घेऊन आला. पाइपांतली हवा आणि ओल खेचून काढून तो अर्धा तास मीटरचा काटा बघत बसला. काटा हलला नाही. गॅस वजन करून भरला. नानांनी थर्मामीटर हवेच्या जाळीत खोचला, तो सातवर आला. माझ्या लॅबमधला होता तो थर्मामीटर, हे इथे नोंदवून ठेवते.

नाना थेट स्वयंपाकघरात गेले. "गाडी झाली. घाटात उकळणार नाय. जबान देतो."

चतुराबाई भाकरी थापत होत्या. "जबान मागच्या साली बी दिलती," म्हणाल्या.

मेमध्ये काकासाहेबांचा फोन आला. भाच्याला मुलगी झाली होती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. भाच्याला बहीण नाही, म्हणून तो मान त्याच्या आत्याकडे, चतुराबाईंकडे आला होता. मुहूर्त दुपारी बाराचा. नाना दोन दिवस घरात मांजरासारखे घुटमळले. शेवटी मला म्हणाले, "बाई, तुमी बी चला. तुमी असल्या तर ती बसंल."

माझ्यासाठी नाही, बारशाच्या मानासाठी म्हणा, पण चतुराबाई बसल्या. सकाळी दहाला लुगडं सावरून पुढच्या सीटवर बसल्या, डब्याच्या जागी. मी मागे. पडेगाव गेलं, किल्ला गेला. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत माझ्या पायांना गारठा लागत होता. काच पूर्ण बंद होती, हे मी पाहिलं. घाट सुरू झाला. नाना रस्त्याकडे कमी आणि इंजिनाच्या उष्णतेच्या काट्याकडे जास्त बघत होते. काटा मधोमध होता. पहिलं वळण, दुसरं वळण. मागचा ट्रक हॉर्न मारत होता, नेहमीप्रमाणे.

तिसऱ्या वळणावर लिंबाखाली नानांनी गाडी थांबवली.

 वाफ नव्हती, वास नव्हता, काटा जागच्या जागी होता. चतुराबाईंनी घड्याळ पाहिलं. "काय झालं?"

"गाडीला काय नाय झालं," नाना म्हणाले. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. "मागच्या साली... गॅरेजवाल्याची चूक नव्हती. म्या पुढं खसाची ताटी बांधली होती. तिच्यापायी उकळली. तुझी अक्षता माझ्यापायी चुकली, चतुरा."

मी मागून घाईने म्हटलं, "वहिनी, त्यांना मीच सांगितलं होतं, ओल्या खसाने हवा थंड..."

"तुमी गप ऱ्हावा बाई," चतुराबाई म्हणाल्या.  त्यांनी नानांकडे नीट पाहिलं, सावकाश.

"मला ठाव हाय."

नानांचा हात स्टिअरिंगवरून खाली आला.

"वाफ आली तव्हाच वास आला मला. अडतीस वर्षं कूलरवाल्याच्या घरात काढली. तुमच्या सदऱ्याला, उशीला, लेकराच्या दुपट्याला खसाचा वास. मला नाय वळखू येणार?" त्यांनी बॉनेटकडे बोट दाखवलं. "गाडी उकळली त्याचा राग नव्हता मला. यंत्र हाय, उकळंल. साऱ्या गल्लीला खोटं सांगितलं, चालंल. पन मला बी तेच सांगितलं. म्हनलं, हा मानूस कव्हा सांगतो ते बघू. वर्षभर यष्टीनं गेले."

 नाना धोतर नेसणाऱ्या पिढीतले असते तर सोग्याने डोळे पुसले असते. यांनी एसीची जाळी उगाच वर-खाली केली. मला खूप काही म्हणावंसं वाटलं, पण बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे व्याख्यान नव्हतं.

"आता काय इथंच बारसं करता का?" चतुराबाई म्हणाल्या. "दाबा की ते. एवढी पळनारी गाडी घेतली, ती दाखवा तरी."

नानांनी ॲक्सिलरेटर दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. मघाचा हॉर्नवाला ट्रक पुढे गेला होता, त्यालाही आम्ही कुठल्या कुठे मागे टाकलं.

पावणेबाराला आम्ही पोचलो. चतुराबाई पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. त्या हसत, पदर सावरत बाहेर आल्या. पुरुषांच्या घोळक्यात नाना काकासाहेबांना कंडेन्सर समजावत उभे होते. चतुराबाईंनी मागून जाऊन त्यांच्या पाठीत एक धपाटा हाणला. साधा नव्हता, चांगला वर्षभर साठवलेला.

"हे काय गं?" नाना कळवळले.

"अक्षतेचा," त्या म्हणाल्या. "आन् जाताना त्या गॅरेजवाल्याकडं गाडी थांबवा. पेढे द्यायचे, आन् त्याला बी खरं सांगायचं. मी बसते गाडीत. एसी चालू ठेवा."