भांडणाला रकाना नव्हता

आमच्या इस्पितळात मी पाळक आहे. वॉर्डात फिरायचं, रुग्णाजवळ बसायचं, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची, हे माझं काम. लोक मला फादर म्हणतात. आमच्या पंथात तसं म्हणत नाहीत, हे समजावणं मी कधीच सोडून दिलंय.

एकदा किडनीच्या डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. डायलिसिसवरच्या रुग्णांना धीर कशातून मिळतो, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. "पाळकसाहेब, आमच्या टीममध्ये या. तुमच्याशी लोक मोकळं बोलतात." मी फुललो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बोलतात? तुम्ही बोलू देता होय?"

नियम सोपे होते. रुग्णाची परवानगी घ्यायची, रेकॉर्डर लावायचा, प्रश्न विचारायचा आणि ऐकायचं. उपदेश नाही, मुलाखत संपेपर्यंत प्रार्थना नाही. माझी पहिली मुलाखत टीमनं मिळून ऐकली. माझा आवाज छान आला होता. तोच आला होता. मध्ये कुठंतरी एक आजोबा "व्हय" म्हणाले, तेवढंच. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रवचन उत्तम झालं, पाळकसाहेब. यात रुग्ण कुठंय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. पुढच्या खेपेला तोंडच उघडायचं नाही, असं ठरवून गेलो.

हर्सूलच्या पलीकडच्या वस्तीवरची एक मावशी होती. तिचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. "मावशी, या आजारपणात तुम्हाला आधार कशाचा वाटतो?" एवढं विचारून मी गप्प बसलो. ती माझ्याकडं बघत राहिली, मी तिच्याकडं. मशीन घरघरत होतं. शेवटी तिनं मोकळ्या हातानं नर्सला खूण केली. "सिस्टर, ह्या फादरला बगा जरा. बोलंनातच. बीपी वाढलं का काय?"

सिस्टरनं खरंच माझं बीपी बघितलं. वाढलेलं निघालं.

मग मावशीलाच माझी दया आली असावी. ती देवाचं नाव घेईल, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "धाकली जाऊ येती ना, तिच्याशी भांडलं का बरं वाटतं मला."

"भांडून?" गप्प बसायचं मी विसरलोच.

"मंग! बाकीचे समदे हळू बोलतात. ल्योक तर असा बोलतो, जसं काय मी चाललेच. ती एकलीच म्हनती, इथं पडून आराम करती, घरी भाकरी कोन थापील? लई राग येतो. अन् मंग वाटतं, भाकरीला अजून मी लागते तर."

मुलाखतींतली उत्तरं आम्ही श्रद्धा, औषधोपचार, घरच्यांची सेवा अशा रकान्यांत वाटत होतो. टीमपुढं प्रश्न पडला, हे उत्तर कुठल्या रकान्यात टाकायचं? मी श्रद्धेचा आग्रह धरला. "भांडण श्रद्धेत?" मॅडम म्हणाल्या. मी कारणं द्यायला लागलो, तशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि एक नवा रकाना उघडला: 'आजाराआधीसारखंच वागवणं'. नंतर जुन्या मुलाखती पुन्हा ऐकल्या, तेव्हा त्यात बसणारी आणखी बरीच उत्तरं निघाली. मॅडम त्या दिवशी मला चहाला घेऊन गेल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या धाकट्या जावेनं मला व्हरांड्यात गाठलं.

"तिनं माह्याबद्दल काय सांगितलं टेपात?"

"ते मला सांगता येत नाही."

"मंग माझं बी घ्या."

"बाई, हे फक्त रुग्णांचं आहे."

"नसंना का टेप," म्हणत ती बाकावर बसलीच. थोरलीनं लग्नात नेसलेल्या लुगड्यापासून सुरुवात झाली. आमटीत तिखट कोण जास्त टाकतं इथवर ती आली, तरी मी काही बोललो नाही. बोलायला फट मिळालीच नाही. मग एकाएकी डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "फादर, तिच्यासाठी प्रार्थना करा. म्हना, देवा, तिला बरं कर. अन् तिची जीभ जरा आवर."

मी डोळे मिटले. पहिली मागणी मोठ्यानं म्हटली, दुसरी मनातल्या मनात.

"दुसरं बी म्हना की," ती म्हणाली.