जालन्याच्या बाई येणार होत्या

भट्टीतली राख मी रोज सकाळी काढत असे. दुसऱ्या सकाळी तेवढीच पुन्हा असे. किश्श्यांचंही तसंच आहे. कितीही सांगून टाका, तळाशी काहीतरी उरतंच.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. तेही निजामाच्या काळात, उर्दूत. लिहिण्यात चूक निघाली तर काढू नये. पावात चूक निघाली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती कधी निघाली नाही.

पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. छावणीत आमची बेकरी होती आणि बेकरीसमोर एक बाकडं. त्यावर रोज तिघं बसत. शांतवान पोस्टमन होता. गफूरभाई शिंपी; त्यांचं दुकान शांतवानच्या घरासमोरच. तिसरा दत्तोबा. तो बिडकीनहून म्हशीचं दूध घेऊन पहिल्या एस्टीनं येई आणि दूध संपलं तरी दुपारपर्यंत हलत नसे. मला तिघंही उस्ताद म्हणत. मी त्यांना रिकामटेकडे म्हणे.

हे सगळे किस्से एकाच डिसेंबरातले आहेत.

*

शांतवानची बायको रूथ बाळंतपणाला माहेरी जालन्याला गेली होती. मुलगा झाला. अडीच महिन्यांचा झाला, तरी शांतवाननं त्याला एकदाच पाहिलं होतं. एक दिवस सकाळी तो बाकड्यावर बसला, पिशवीतून एक पत्र काढलं, न्याहाळलं आणि परत आत ठेवलं.

"कुणाचं रे?" दत्तोबानं विचारलं.

"माझं. सासूबाईंचं अक्षर आहे."

"मग फोड की!"

"अजून माझी गल्ली आली नाही."

"अरे, पत्र तुझं, पिशवी तुझ्या गळ्यात!"

"पिशवीत आहे तोवर सरकारचं."

त्याचं घर त्याच्या वाटपात सगळ्यात शेवटी होतं. दोन वाजले. पुढचं गफूरभाईंनी दुकानातून डोळ्यांनी पाहिलं. शांतवान स्वतःच्या दारापुढं उभा राहिला. दाराला बाहेरून कुलूप. त्यानं कडी वाजवली आणि ओरडला, "पोस्टमन!"

थोडा थांबला. मग खिशातून किल्ली काढली, आत गेला आणि पत्र घ्यायला स्वतःच बाहेर आला!

*

पाच मिनिटांत तो बेकरीकडं पळत आला, मागोमाग गफूरभाई. शांतवानच्या पायात चपला नव्हत्या.

पत्र चार ओळींचं होतं. 'नाताळच्या आदल्या दिवशी रूथला आणि बाळाला घेऊन येते. घर माणसाचं दिसलं तर दोघांना ठेवून जाईन. नाही दिसलं तर त्याच टांग्यानं परत नेईन. मग ईस्टरला बघू.'

सासूबाईंचंही चुकत नव्हतं. मागच्या खेपेला त्यांना त्या घरात पिठाच्या डब्यात शाईची दौत सापडली होती.

"ईस्टर म्हणजे कधी?" दत्तोबानं विचारलं.

"उन्हाळ्यात," शांतवान म्हणाला. "तोवर पोरगं मला ओळखायचं नाही."

मग गफूरभाईंनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "हौ. घर माणसाचं करायचं. चार माणसं आहोत ना आपण?"

मी म्हणालो, "तीन. मला काम आहे."

पण गेलो.

*

पहिलं काम भिंतींचं. चुना दत्तोबानं कालवला. जुन्या बांधकामात चुन्याला गूळ घालत, त्यानं चुना दगडासारखा बसतो, हे त्यानं आजोबांकडून ऐकलं होतं. किती घालतात ते ऐकायचं राहिलं होतं. घरचाच गूळ, हात सैल. त्यानं आख्खी ढेप घातली.

भिंती झाल्या मात्र पांढऱ्याशुभ्र. शांतवान रात्री त्यांच्याकडं बघत झोपला.

सकाळी उठला तर चारी भिंती काळ्या. आणि हलत होत्या! सगळ्या छावणीतल्या मुंग्या आल्या होत्या. जमिनीपासून पाळण्याच्या कडीपर्यंत रांगा.

गफूरभाई दारात उभं राहून म्हणाले, "मुबारक हो शांतवान. मेहमान तर यायला लागले!"

दत्तोबाला आम्ही पुन्हा ब्रश दिला नाही. भिंती धुऊन, खरवडून दुसरा हात मी मारला. तो टिकला.

*

छावणीत ख्रिस्ती घरं बरीच, पण घरात भट्टी कुणाच्याच नाही. डिसेंबर लागला की बायका केकचं पीठ घरी फेटून, आपापल्या भांड्यात घालून आमच्याकडं आणत. सकाळचे पाव निघाले की भट्टी थोडी उतरते. त्या उतरत्या आचेवर केक भाजायचे. भांडी ओळखू यावीत म्हणून कुणी कानाला तार बांधे, कुणी वर किल्ली ठेवी.

शांतवानला ते पटेना. एका रविवारी मी जेवायला गेलो असताना त्यानं सगळ्या भांड्यांवर खडूनं पत्ते लिहिले आणि गल्लीवार लावून भट्टीत सारली. जाड बुडाचं पुढं, पातळ बुडाचं मागं आचेजवळ, सगळा गोंधळ! मी वेळेवर आलो म्हणून एकही जळला नाही.

मी म्हणालो, "भट्टीला गल्ली कळत नाही. तिला भांड्याचं बूड कळतं. तू बाहेर हो."

चूक भरून काढायला त्यानं केक घरोघर पोचवायचं कबूल केलं. सायकलवर वेताची पाटी बांधली. प्रत्येक दारात "पोस्टमन!" अशी आरोळी, आणि प्रत्येक बाईची सही.

एक केक तो परत घेऊन आला. शेजारीण म्हणाली होती, माझ्याकडं द्या, मी देते. यानं दिला नाही. ज्याच्या नावचा माल त्याच्याच हातात. दाराला चिठ्ठी लावून आला, 'आपण घरी नव्हता. उद्या दहानंतर पोस्टात येऊन घेऊन जावे.'

ती बाई बिचारी गेली! पोस्टमास्तरांनी दहा मिनिटं कपाटं शोधली म्हणे.

*

नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या मंडळीचा ढोलकीवाला तापानं पडला. शांतवाननं दत्तोबाचं नाव सुचवलं. दत्तोबा ढोलकी वाजवायचा, पण कुठं शिकला होता ते कुणी विचारलं नव्हतं. तो तमाशाच्या फडाबरोबर दोन हंगाम हिंडला होता.

पहिल्याच गाण्यात हात असा सुटला, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोलायला लागल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

पाद्रीसाहेबांनी गाणं थांबवलं. "दत्तोबा, बाळ गोठ्यात जन्मलंय. फडावर नाही."

दत्तोबा हात जोडून म्हणाला, "गोठ्यातलंच वाजवतोय साहेब! आमच्या म्हशी ह्याच तालावर दूध देत्यात."

पाद्रीसाहेबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "चालू द्या."

*

दारावर टांगायचा तारा गफूरभाईंनी केला. त्यांच्या घरी मोहरमचे ताबूत करतात, त्यामुळं कामट्या बांधण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. तारा सुरेख झाला. फक्त त्याच्या शेजारी त्यांनी सवयीनं एक चंद्रकोर बांधली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"अकेला तारा बरा दिसत नाही उस्ताद."

मी शांतवानकडं पाहिलं. तो म्हणाला, "राहू द्या. त्या रात्री चंद्र नव्हता असं कुठं लिहिलंय?"

*

शांतवाननं आयुष्यात लहान मूल उचललं नव्हतं. ते पोरगं बघायला गेला तेव्हाही सासूबाईंनी लांबूनच दाखवलं होतं. तो म्हणाला, उस्ताद, सवय हवी.

मी त्याला एक मोठी डबलरोटी दिली. ताजी, गरम, अडीच महिन्यांच्या पोराएवढी. गफूरभाईंनी ती फडक्यात गुंडाळून दिली.

"मान धर!" दत्तोबा ओरडला.

"हिला मान कुठंय?"

"असंल आसं समज!"

शांतवान बेकरीपुढं येरझारा घालू लागला. डावीकडून उजवीकडं, हलवत, थोपटत. तेवढ्यात पाद्रीसाहेब सायकलवरून आले. उतरले. फडक्यात डोकावून पाहिलं. आत पाव.

"शांतवान, काय चाललंय?"

"झोपवतोय साहेब."

पाद्रीसाहेब सायकल हातात धरून, पायांचा आवाज न करता पुढं निघून गेले.

*

आता शेवटचा.

नाताळचा फराळ म्हणजे करंज्या आल्याच. बाई घरात नाही. शेजारणींनी देऊ केल्या, पण शांतवान म्हणाला, सासूबाई चवीवरून घर ओळखतात. म्हणून त्या यायच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं त्याच्या चुलीपुढं बसलो. पीठ मी मळलं. तळणंही मीच घेतलं. आच मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. सारण शांतवाननं केलं. दत्तोबानं पुऱ्या लाटल्या. करंजी भरून दुमडायची आणि कडेला मुरड घालायची, हे काम कुणाला येईना. गफूरभाई म्हणाले, दुमडणं हाच तर माझा धंदा. त्यांनी चष्मा लावला आणि बोटं चालवायला सुरुवात केली. एकेक मुरड मशीननं घातल्यासारखी. साठ करंज्या, साठही एकीसारखी एक.

मी कुणाची स्तुती करत नाही. मी म्हणालो, "ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी टांगा आला. पुढं ट्रंक. मागं रूथ, मांडीवर बाळ. सासूबाई एकट्याच खाली उतरल्या. बारीक चणीच्या, पांढरं लुगडं, नाकावर चष्मा.

"टांगा सोडू नका," टांगेवाल्याला म्हणाल्या. "आधी मी बघते."

आम्ही तिघं गफूरभाईंच्या दुकानाच्या पायरीवर उभे होतो. दार उघडं होतं, सगळं दिसत होतं. बाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं. बोट पाहिलं. पिठाचा डबा उघडला. आत पीठच होतं. पाण्याचं भांडं झाकलेलं होतं. शांतवानचा चेहरा एकेका पावलाला फुलत होता. रूथ टांग्यातून वाकून बघत होती आणि हसत होती.

मग बाईंनी फराळाचा डबा उघडला. एक करंजी काढली. उलटी करून पाहिली. दुसरी काढली. तिसरी काढली. चेहरा आवळत गेला.

"ह्या कुणी केल्या?"

"मीच. म्हणजे, आम्ही," शांतवान म्हणाला.

"पुरुषाच्या हातून अशी मुरड पडत नाही. माझ्या हातून पडत नाही." बाईंनी डब्याचं झाकण दाबून लावलं. "लेक माझी चार-पाच महिने घरात नाही. कोण बाई येते इथं?"

समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. टांग्यात रूथचं हसू गेलं. तिनं बाळाला जवळ ओढलं. "कोण येतं हो?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

शांतवाननं नुसतं बोट केलं. गफूरभाईंकडं.

गफूरभाई सहा फूट. दाढी छातीपर्यंत. बाईंनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं.

"मी जालन्याची आहे, वेडी नाही. टांगेवाले, स्टेशन!"

"आई, म्हशीची आण!" दत्तोबा मधे धावला. "ह्यांनीच केल्या!"

बाई टांग्याच्या पायरीशी पोचल्या. तेव्हा मी पुढं झालो. मी बायकांच्या तोंडी लागत नाही, पण तळण माझं होतं.

"बाई," मी म्हणालो, "गाडीला अजून वेळ आहे. पीठ घरात आहे. करून दाखवतील. नाही जमलं तर खुशाल जा."

बाई मागं वळल्या. म्हणाल्या, "करा."

मी पीठ मळलं. दत्तोबानं पुरी लाटली. गफूरभाईंनी हात धुतले, मांडी घातली, चष्मा लावला. टांगेवाला घोडा सोडून दारात येऊन उभा राहिला. खिडक्यांतल्या बायका खाली उतरल्या. शांतवाननं डोळे मिटून घेतले होते. गफूरभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं, सारण भरलं, पुरी दुमडली. आणि बोटं चालली.

बाईंनी ती करंजी तळहातावर घेतली. दुसऱ्या हातात डब्यातली घेतली. दारात उजेडाला गेल्या. दोन्ही डोळ्यांजवळ धरल्या.

कुणी श्वास घेत नव्हतं. फक्त घोडा.

"रूथ," बाई म्हणाल्या, "उतर खाली. टांगेवाले, ट्रंक आत घ्या."

शांतवान टांग्याकडं कसा पोचला ते मला दिसलं नाही. पाहिलं तेव्हा पोरगं त्याच्या खांद्यावर होतं आणि त्याची कॉलर ओढत होतं.

बाई आत आल्या. पदर खोचला. गफूरभाईंच्या समोर पाटावर बसल्या.

"दुसरी करा. हळू करा, मला बघू द्या."

गफूरभाईंनी दुसरी घेतली. बाई वाकून बघत होत्या.

"कडेला एवढं पीठ कशाला सोडता, भाऊ?"

गफूरभाईंनी मान वर केली नाही. म्हणाले, "छोडना पडता, अम्मा. कल को ढीली करनी पडी तो?"