उगारलेली काठी

परकीय राजवटीविरुद्धच्या उठावावरचा एक जुना चित्रपट परवा आमच्या गावातल्या फिल्म सोसायटीने दाखवला. त्याचं चित्रीकरण इथल्याच नदीकाठी झालं होतं आणि गर्दीसाठी माणसंही गावातलीच घेतली होती. माझा थोरला भाऊ उंच, म्हणून त्याला पोलिसाचा गणवेश मिळाला. एरवी तो मोर्चात जाणारा. त्यामुळे मित्र चिडवायचे, "काय जमादार, आज कुणाला झोडपलंत?"

भाऊ गेल्या वर्षी वारला. हलताना, चालताना तो फक्त या चित्रपटातच उरला आहे. मी त्यासाठीच गेलो होतो.

लाठीमाराचं दृश्य आलं. पुढच्या रांगेतल्या काठ्या भराभर खाली येत होत्या. भाऊ मागे होता. त्याच्यासमोर एक म्हातारा जमिनीवर बसला होता. भावाने काठी उगारली आणि ती तशीच राहिली. मग कॅमेरा नायकाकडे वळला.

अशा चित्रपटांत क्रांती बहुधा नायकाच्या भाषणातून होते. राजवटी मात्र काठी खाली आणणाऱ्या साध्या हातांवर उभ्या असतात. त्यातला एखादा हात थांबला, तर तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दिवे लागल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "तो मागचा उंच पोलीस बघितलात? नुसता काठी धरून उभा. मारायचं साधं नाटकसुद्धा जमेना त्याला."

"हो," मी म्हणालो, "घरीही कधी जमलं नाही."