आधीच झालेला संपर्क

हौशी मंडळींच्या हॅम रेडिओवर तुम्ही नेमकं काय बोलता, असं कुणी विचारलं तर मी हल्ली विषय बदलतो. खरं उत्तर असं की मी काहीच बोलत नाही. माझा लॅपटॉप बोलतो. पंधरा सेकंद तो रेडिओतून शिट्टीसारखा आवाज पाठवतो, पुढचे पंधरा सेकंद ऐकतो. तिकडे जपानात नाहीतर ब्राझीलमध्ये कुणाचा तरी लॅपटॉप तेच करत असतो. माझा कॉलसाइन, म्हणजे सरकारी परवान्यावरचं अक्षरं-आकड्यांचं नाव, मग त्याचा कॉलसाइन, एकमेकांचा सिग्नल किती जोरात पोचला त्याचा एकेक आकडा, आणि राम राम. दीड मिनिटात संपर्क पुरा होतो आणि लॅपटॉप तो स्वतःच वहीत टिपून घेतो. तोवर माझी चहात बिस्किटं बुडवून झालेली असतात. या प्रकाराला एफटी-८ म्हणतात. मी त्यात तरबेज होतो आणि तरबेज असल्याचा तोरा चारचौघांत मिरवतही होतो.

मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि थेरगावात राहतो. मूळचा बीडकडचा. इथे आलो तेव्हा कंपनीची बस, खोली आणि मेस याखेरीज मला काही ठाऊक नव्हतं. आकुर्डीच्या एका कॉलेजात प्रदर्शन होतं, तिथे टेबलावर एक जुना रेडिओ मांडून बसलेले काका मला भेटले. ते दुचाकीच्या कारखान्यातल्या टूलरूममधून निवृत्त झालेले, मूळ आकुर्डीच्याच जुन्या घरातले. मी नुसता उभा राहिलो, तर त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. आत टिंव टिंव चाललेलं. "रशियातला माणूस हाय," ते म्हणाले, "आज त्याची तब्येत लय बरी न्हाई. हात जड पडतोय." मोर्सच्या टिंबरेघांवरून एखाद्याची तब्येत कळते, ही मला थाप वाटली. पुढे दोन वर्षं दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊन शिकलो तेव्हा कळलं की खरंच कळते.

ते शिकवायचे एखाद्या फोरमनसारखे. चुकलं की ओरडत नसत, फक्त माझा हात कीवरून, म्हणजे मोर्स ठोकायच्या खटक्यावरून, उचलून बाजूला ठेवत आणि चहा प्यायला लावत. काकू पोहे आणून ठेवायच्या. परीक्षा पास होऊन परवाना आला तेव्हा काकांनी स्वतः घडवलेली पितळी की मला दिली. माझ्या वडिलांनीसुद्धा मला कधी हाताने बनवून काही दिलं नव्हतं, आणि हे मी त्या वेळी काकांना सांगितलंही होतं. मग ती की मी कपाटात ठेवून दिली, हे मात्र सांगितलं नाही.

कारण असं की थेरगावात मोर्स ऐकू येणं कठीण. आमच्या इमारतीत प्रत्येक घरी इन्व्हर्टर, जिन्यात स्वस्तातले एलईडी, खाली विजेच्या स्कूटरचे चार्जर, आणि या सगळ्यांचा मिळून रेडिओवर एक अखंड खरखराट. गच्चीवर तार ताणायला सोसायटीने परवानगी दिली हेच नशीब. त्या खरखराटाच्या तळातूनही एफटी-८ सिग्नल उपसून काढतो, माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही तेही पडद्यावर लिहून दाखवतो. पहिल्या शिफ्टवरून पाचच्या सुमारास घरी आलो की मी लॅपटॉप उघडून बसू लागलो. वर्षभरात माझ्या वहीत शंभरावर देश झाले. त्यातल्या एकाही माणसाशी मी "जेवलास का" इतकंही बोललो नव्हतो, पण देश झाले.

हॅमवाल्यांचा एक मेळावा होता. तिथे मी माझं शंभर देशांचं प्रमाणपत्र नेलं होतं. काकांनी ते हातात धरून नीट वाचलं आणि विचारलं, "हे तू केलंस का तुझ्या लॅपटॉपनं?" सगळे हसले. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "काका, तुमचं ते टिकटिक आता म्युझियममध्ये ठेवायच्या लायकीचं आहे. तुम्हाला हे जमणार नाही म्हणून तुम्हाला आवडत नाही." यावर कुणी हसलं नाही. काकांनी प्रमाणपत्र घडी न पाडता परत दिलं आणि जेवायला न थांबता निघून गेले. मी त्यांच्यामागे चार पावलंही गेलो नाही. माझंच बरोबर आहे, वय झालं की माणसं अशीच हटून बसतात, असं स्वतःला पटवत मी गुलाबजाम खाल्ले. त्या गुलाबजामांची मला आजही लाज वाटते.

मग रविवार बंद झाले. मी फोन केला नाही, त्यांनी केला नाही. हॅमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक मला टोमणे मारतील म्हणून मी तो ग्रुप मुका करून टाकला.

पुढे वर्षभराने एका संध्याकाळी माझ्या पडद्यावर काकांचा कॉलसाइन उमटला. एफटी-८ वर. मला हाक मारत होते. मी खुर्चीत सरळ बसलो. एक टिचकी मारली, दोन्ही लॅपटॉपनी आकड्यांची देवघेव केली, राम राम झाला, वहीत नोंद पडली. आकुर्डी ते थेरगाव, दुचाकीवर वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, त्यामुळे सिग्नल दणदणीत होता. मला काय वाटलं ते सांगतो. आनंद वाटला, पण तो काका भेटल्याचा नव्हता. जिंकल्याचा होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारच्याला मी म्हणालो, "आमचा म्हातारा आला शेवटी लाईनीवर." त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्याने मान डोलावली.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. एका बँडवर, म्हणजे एका लहरपट्ट्यात, एका माणसाशी एकदा संपर्क झाला की तो माणूस संपला. पुन्हा त्याच्याशी संपर्क केला तर वहीत भर पडत नाही, देश वाढत नाही. अशा माणसाला हाक मारत बसणं म्हणजे दोघांचा वेळ घालवणं समजतात. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारू लागले. तिसऱ्या दिवशीही. माझ्या कॉलसाइनला उद्देशून आलेली हाक पडद्यावर लाल रंगात येते, त्यामुळे दिसली नाही असं मी म्हणूच शकत नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला रीत माहीत नाही. आधीच झालेला संपर्क पुन्हा पुन्हा कशाला करायचा?

त्या आठवड्यात पॅसिफिकमधल्या एका बेटावर काही लोक रेडिओ घेऊन गेले होते. तिथे एरवी कुणी नसतं, त्यामुळे जगभरचे आमच्यासारखे त्यांच्यावर तुटून पडले होते. मी तीन संध्याकाळी त्या बेटामागे होतो, आणि मधेच लाल ओळ यायची. काका. त्या लाल ओळींच्या नादात बेटाची ओळ नजरेतून निसटायची. वैतागून मी जोडीच्या प्रोग्रामात गेलो आणि काकांचा कॉलसाइन दुर्लक्षाच्या यादीत टाकला. तशी सोय असते, एका टिचकीत होतं. माणूस पडद्यावरून नाहीसा होतो. बेट मला त्याच संध्याकाळी मिळालं. नंतर काकांना यादीतून काढायचं मी विसरलो असं म्हणेन, पण तेही खोटंच. मी विसरलो नव्हतो, मला गरज वाटली नव्हती.

तीन-चार महिन्यांनी, चाकणहून परतताना बस ट्रक आणि कांद्याच्या गाड्यांमध्ये अडकून पडली होती. करायला काही नव्हतं म्हणून मी तो मुका केलेला ग्रुप उघडला. वर काकांचा कॉलसाइन होता आणि पुढे दोन शब्द, सायलेंट की. हॅमवाला गेला की आम्ही असं म्हणतो. खाली जोडलेल्या हातांच्या रांगा. मी वर वर सरकवत गेलो. वर्षभरापूर्वी काकांना घशाचा कॅन्सर निघाला होता. स्वरयंत्र काढून टाकलं होतं. औषधांनी हात थरथरायला लागले होते, त्यामुळे कीही धरता येत नव्हती. हे सगळं त्या ग्रुपवर होतं. लोक त्यांना भेटून आले होते, फोटो टाकले होते.

म्हणजे काका लाईनीवर वगैरे आले नव्हते. त्यांच्याकडे ना आवाज उरला होता, ना हात. ज्या प्रकाराला त्यांनी नावं ठेवली होती तोच एक उरला होता, आणि तो त्यांनी शिकून घेतला होता. बसमध्ये मी उभा होतो की बसलो होतो ते मला आठवत नाही.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. दुर्लक्षाची यादी फक्त डोळ्यांसाठी असते. मूळ प्रोग्राम जे जे ऐकतो ते एका फाइलीत लिहीतच राहतो. मी फाइलीत काकांचा कॉलसाइन शोधला. ओळीमागून ओळ, बहुतेक रोज, सव्वापाच ते सहा. माझी शिफ्ट सुटायची वेळ त्यांना माहीत होती. अधूनमधून, त्यांच्याच हाकेच्या मागोमाग, त्याच लहरीवर एक वेगळी ओळ होती. एफटी-८ मध्ये मोकळा मजकूर पाठवता येतो, पण फक्त तेरा अक्षरांचा, मधल्या रिकाम्या जागा धरून, आणि तोही रोमन लिपीत. त्यात नाव घालायला जागा उरत नाही. काकांनी नाव घातलं नव्हतं. 'घरी ये जरा' एवढंच पाठवलं होतं. रोमन लिपीत ते बरोबर तेरा भरतं. ते बसवायला त्यांनी कागदावर किती वेळा मोजलं असेल कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आकुर्डीला गेलो. सुतकाचं घर, दारात चपलांचा ढीग. वाटेत मी काकूंना काय सांगायचं ते जुळवत होतो. काकू, मला दिसलंच नाही, मशीनमध्ये दोष होता, ते हाक मारतायत हे मला कळलंच नाही. अर्धं खरं, अर्धं खोटं, आणि काकूंना त्यातलं काय कळणार, असा माझा हिशोब. तिथवर जाऊनही मी स्वतःला वाचवण्याच्याच मागे होतो.

काकूंनी मला ओळखलं आणि आतल्या खोलीत नेलं. टेबलावर रेडिओ, लॅपटॉप, शेजारी पाटी आणि खडू. ऑपरेशननंतर काका पाटीवर लिहून बोलायचे. भिंतीला कागद चिकटवलेला, त्यावर प्रोग्राम कसा चालू करायचा ते थरथरत्या अक्षरांत पायरीपायरीने लिहिलेलं. काकू म्हणाल्या, "मी म्हनलं फोन लावून देते, मी बोलते त्याच्याशी. तर पाटीवर लिव्हलं, नको. मी हे शिकलोय ते त्याला रेडिओवरच कळू दे."

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. कसा उघडायचा ते त्यांना येत होतं, काकांनी शिकवलं असणार. पडद्यावर नकाशा आला. मी तो पाहिला आणि माझी जुळवलेली वाक्यं फुकट गेली. आमचे लॅपटॉप ज्याला ज्याला ऐकतात त्याची नोंद आपोआप एका संकेतस्थळावर पाठवतात, आणि आपला सिग्नल कुठे कुठे पोचला ते ज्याचं त्याला नकाशावर दिसतं. ही नोंद दुर्लक्षाच्या यादीला विचारत नाही. काकांनी जुने नकाशे जपून ठेवले होते. प्रत्येकावर आकुर्डीहून थेरगावला एक आखूड रेघ होती. रोज. माझाच लॅपटॉप त्यांना रोज कळवत होता की तुमची हाक माझ्या घरात पोचली आहे.

"हे बोट ठेवून दाखवायचे," काकू म्हणाल्या. "पाटीवर लिव्हायचे, ही रेघ बघ. त्याला ऐकू जातंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी भजनाची कॅसेट बारीक केली.

"मग आला का न्हाईस रे?" त्यांनी विचारलं.

मी तिथे खरं बोलू शकलो असतो. तेवढा एकच दिवस शिल्लक होता खरं बोलायला, आणि ऐकणारीही एकच शिल्लक होती.

"ओव्हरटाइम होता, काकू," मी म्हणालो.

त्यांनी लॅपटॉप मिटला आणि पदराने त्यावरची धूळ पुसली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मी बी त्यास्नी रोज तेच सांगायचे. त्यास्नी काय पटलं न्हाई."