आप्पांच्या नळीतला उजेड

हंगाम संपला की लॅबच्या बाटल्या धुऊन ठेवता येतात. किस्से मात्र साठतच जातात. आमच्याकडं तर बहुतेक एकाच माणसाचे, आप्पांचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत निपाणी-संकेश्वरच्या मधल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली होतो. उसाचा रस गाळून काचेच्या नळीत भरायचा, झाकण लावायचं, नळी यंत्रात ठेवून आत बघायचं. साखरेच्या पाण्यातून जाताना यंत्रातला उजेड वळतो. किती वळला त्यावरून साखर किती ते कळायचं. नळी मी भरायचो. आधी मी आकडा वाचायचो, मग आप्पा.

*

नवे मॅनेजरसाहेब आले. यंत्राला डोळा लावला.

"यात साखर कुठं दिसते?"

"साखर दिसत न्हाय साहेब," आप्पा म्हणाले. "तिनं उजेडाला ढकललेलं दिसतंय!"

*

साहेबांच्या सासऱ्यांनी मध पाठवला. "अस्सल जंगलातला!" म्हणून साहेब बरणी घेऊनच आले. आप्पांनी थोडा पाण्यात कालवून नळीत भरला. मध उजेडाला डावीकडं वळवतो, साखर उजवीकडं. इथं उजेड वळला थेट उजवीकडं!

"लई गुणी माशा, साहेब! आपल्याच गोदामात चरत्यात!"

आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत.

*

एकदा मी दारात उभा होतो. मला मॅनेजर समजून आप्पा लगबगीनं उठले. "या साहेब, बसा!"

मी ते सगळ्या लॅबला सांगून हसवलं. हसवायला नको होतं.

*

पुढं आमचे आकडे जुळेनात. माझा नेहमी थोडा जास्त. साहेबांनी दोघांना बोलावलं. "कुणाचा खरा?"

आप्पा गप्प. मी म्हणालो, "साहेब, आप्पांना आता नीट दिसत नाही."

एवढंच! दुसऱ्या दिवसापासून आप्पा पोत्यांच्या गोदामात. हंगाम संपल्यावर बेळगुंदीला घरी गेले ते परत आले नाहीत. त्यांची खुर्ची मला मिळाली.

*

पुढच्या हंगामात यंत्र तपासायला एक जाणकार आले. माझी नळी हातात घेऊन म्हणाले, "झाकण एवढं आवळता? ताण आला की काचच उजेड वळवते!" त्यांनी झाकण अर्धा फेरा सैल केलं. आकडा खाली आला.

म्हणजे खरा आकडा आप्पांचाच होता.

*

रविवारी बेळगुंदीला गेलो. आप्पांची नजर पार गेलेली. आवाजावरून ओळखलं. बहिणीला हाक मारली, "आक्का, आमचं पोरगं आलंय, च्या टाक गं!"

मी झाकणाचं सगळं सांगितलं.

"म्हाईत होतं रं," आप्पा म्हणाले. "तू वाचून झाल्यावर मी त्ये सैल करूनच बघायचो."

"मग साहेबांपुढं गप्प का बसलात?"

आप्पांनी चहासाठी हात पुढं केला. कपबशी दुसऱ्याच बाजूला होती. मी ती त्यांच्या हातात दिली.

"मला दिसत न्हाय म्हणालास," आप्पा म्हणाले, "त्ये काय खोटं होतं व्हय?"